खारीवर कोणती बंदूक? सरदारपूरच्या वाटेवरचा एक हिशेब

मोहनखेड्याला जाणारे बहुतेक लोक तीर्थ पाहून परततात. जवळच्या सरदारपूरला फारसं कोणी थांबत नाही. एकेकाळी ग्वाल्हेर संस्थानातल्या या गावी भोपावर एजन्सीचं आणि माळवा भिल्ल पलटणीचं ठाणं होतं. पलटणीतल्या भिल्लाकडे सरकारी बंदूक, गावाकडच्या भिल्लाकडे धनुष्य. पोटासाठी खारीएवढं जनावर मारायचं तर यांतलं कोणतं बरं? आमच्या मंडळाच्या एका यादीत बोथट टोकाचे भिल्ली बाण चक्क 'खेळण्यातले' म्हणून नोंदवलेत, म्हणून विचारतो.

मी मूळचा इंजिनीअर, तेव्हा आधी वजनं बघू. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, की त्यातली एक ज्या नळीत बसते ती 'बारा बोर'. व्यास साधारण 18.5 मिलिमीटर. 454 ग्रॅमला 12 ने भागा: एक गोळी जवळजवळ 38 ग्रॅमची. आणि आपल्या अंगणातली पट्ट्यांची खार असते शंभरेक ग्रॅमची! खायला उरणार काय? बारीक छर्रे भरले तर मांस वाचतं, पण दाताखाली शिसं येतं.

अमेरिकेत खारीसाठी पॉइंट टू-टू रायफल चालते. तिची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास. पण तिथली करडी खार अर्धा किलो भरते.

शिवाय ठासणीच्या बंदुकीचा खटाटोप बघा. दारू ओतायची, डट्टा ठासायचा, छर्रे, परत डट्टा, मग टोपी. एवढं करून एकच बार, आणि त्या आवाजानं आसपासचं सगळं रान रिकामं. दारूला पैसे पडतात, आणि 1878 च्या हत्यार कायद्यानंतर परवान्याची भानगड वेगळीच.

धनुष्य बांबूचं, दोरीसुद्धा बांबूच्या सालपटाची. टोकदार बाण फांदीत रुतला की गेला. बोथट बाण ठोसा देऊन लहान जनावर पाडतो, स्वतः खाली येतो, उचलून पुन्हा लावता येतो. (1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर हे सगळं इतिहासजमा, कोणी प्रयोग करू नये.)

राजेलोकांच्या वाघांचे फोटो भिंतीभिंतीवर आहेत. पोटासाठी केलेल्या शिकारीचा फोटो कोण काढणार? तिचा पुरावा म्हणजे हे बाणच. तेव्हा यादीतला 'खेळण्यातले' हा शब्द खोडून 'लहान शिकारीचे बाण' असं लिहावं, एवढी मंडळाला विनंती.