रात्री पावणेअकराला भाव करणारा 'साहेब'

"तुझं इंग्लिश बरं आहे ना? मग लॅपटॉप घेऊन ये जरा." दोन महिन्यांपूर्वी रात्री मामाचा फोन आला. मासकॉमवाल्या भाचीचा घराला एवढाच उपयोग, असं म्हणत मी गेले. मामाचं भोसरी एमआयडीसीत कोरुगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे. एका मोठ्या कंपनीला तो गेली आठ वर्षं खोकी पुरवतो. त्या कंपनीच्या पोर्टलवर पावणेअकराला एक चॅट विंडो उघडली होती आणि पलीकडून कुणीतरी फार नम्रपणे रेट कमी करायला सांगत होतं. तीन मेसेजनंतर माझी ट्यूब पेटली. पलीकडे माणूस नव्हताच!

तुम्ही म्हणाल, चॅटबॉटचं काय कौतुक, आपण रोज त्याच्याकडून असाइनमेंट लिहून घेतो. मान्य. पण हा बॉट आपली कामं करत नव्हता, आपल्याशी घासाघीस करत होता. तुळशीबागेत दुकानदाराच्या जागी तो बसलाय आणि तुमच्या खिशात किती आहेत याची फाइल त्याच्यासमोर आहे, अशी कल्पना करा.

कंपनी जे जे विकत घेते, अगदी स्टीलपासून कॅन्टीनच्या पेपर कपापर्यंत, त्या सगळ्याचा कारभार म्हणजे प्रोक्युअरमेंट. आपल्या भाषेत 'परचेस'. पीओ, माल मिळाल्याची नोंद आणि बिल हे तिन्ही जुळलं तरच पेमेंट निघतं. ही जुळवाजुळव सॉफ्टवेअर कधीपासूनच करतंय. आता त्यात एआय आलंय आणि ते थेट भाव करायला बसलंय.

याचं गाजलेलं उदाहरण वॉलमार्टचं. या कंपनीचे पुरवठादार एक लाखाहून जास्त. एवढ्यांशी बोलायला माणसं आणणार कुठून? त्यामुळे साधारण 20 टक्के पुरवठादारांशी वाटाघाटी व्हायच्याच नाहीत. छापील अटींवर सही करा आणि चालू पडा. 2021 मध्ये वॉलमार्टच्या कॅनडातल्या शाखेने 'पॅक्टम' या एस्टोनियात जन्मलेल्या कंपनीचा बॉट अशा 89 पुरवठादारांवर वापरून पाहिला. माल कोणता? दुकानात विकायचा नव्हे, तर ढकलगाड्यांसारखा दुकान चालवायला लागणारा. 20 टक्के पुरवठादारांशी करार झाले तरी पुष्कळ, असा अंदाज होता. झाले 64 टक्क्यांशी, सरासरी 11 दिवसांत. वॉलमार्टची बचत सरासरी दीड टक्का.

आणि पुरवठादार? ते चिडले असतील असं मला वाटलं होतं. पण विचारणा केली तेव्हा 83 टक्के जणांनी सिस्टिम सोपी आहे असं सांगितलं. आपली ऑफर मांडता येते, विचार करायला वेळ मिळतो, हे त्यांना आवडलं. खरंच आहे. बॉट मनाला येईल ते बोलत नाही. कुठपर्यंत ताणायचं आणि बदल्यात काय द्यायचं, हे माणसांनी आधीच ठरवून दिलेलं असतं. पुरवठादाराने लवकर पेमेंटसाठी सूट दिली, तर करार रद्द करण्याआधी त्याला जास्त दिवसांची नोटीस मिळेल, असा तो सौदा होता.

पण त्याच यशाच्या यादीत आणखी एक आकडा आहे. पेमेंटची मुदत वाढून सरासरी 35 दिवसांवर गेली. कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये हे यश. बिल दिलेल्या माणसासाठी मात्र ते जास्त थांबणं. कुणाच्या बाजूने मोजतो यावर सगळं आहे, आणि मोजणारं सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतलंय.

मामाच्या स्क्रीनवरही तेच होतं. रेट दोन टक्के कमी करा, 30 दिवसांत पेमेंट. रेट तोच ठेवा, 60 दिवसांत पेमेंट. क्राफ्ट पेपर महागलाय, असं मी छान इंग्लिशमध्ये टाइप केलं. बॉटने आभार मानले आणि तेच दोन पर्याय पुन्हा दाखवले!

आधी तिथे एक साहेब होते. मामा त्यांच्यासमोर बसायचा, पेपर मिलचं नवं कोटेशन दाखवायचा, चहा व्हायचा, रुपया-आठ आणे सुटायचे. दिवाळीला मिठाईही जायची. (हे लिहू नको म्हणाला होता.) बॉटला मिठाई लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण मिलचं कोटेशनही तो बघत नाही.

मी घरी येऊन शोधाशोध केली. आपल्याकडे 2006 चा एमएसएमईडी कायदा आहे. सूक्ष्म आणि लघुउद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या आयकराच्या नियमानुसार मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावटही मिळत नाही. मामाच्या युनिटची उद्यम नोंदणी आहे. म्हणजे 60 दिवसांचा पर्याय यायलाच नको होता.

तो बॉटने शोधून काढला नव्हता. तिथल्या कुणीतरी सेटिंगमध्ये 60 टाकलं होतं. कदाचित आपल्याहून दोन-तीन वर्षांनी मोठं असेल ते माणूस, पहिलीच नोकरी असेल. तुमच्यातल्या बीबीए, एमबीए, मेकॅनिकलवाल्यांनो, उद्या त्या खुर्चीत तुम्ही असाल. एक्सेल येतंच, प्रॉम्प्टही येईल. हा कायदाही वाचून जा. पाच मिनिटांचं काम आहे.

मामाला सांगितलं तर म्हणाला, "मला माहितीये गं. पण कायदा दाखवला की पुढची ऑर्डर कुठे जाते, तेही माहितीये." तरी दुसऱ्या रात्री आम्ही काउंटर ऑफरच्या चौकटीत लिहिलं, रेट तोच, 45 दिवस, आणि खाली उद्यम नंबर. बॉट म्हणाला, आपला प्रस्ताव संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवला आहे.

तीन दिवसांनी फोन आला. एका मुलीचा, मराठीत. 45 दिवस मंजूर, रेट तोच. फक्त करार यंदा वर्षाऐवजी सहा महिन्यांचा. मामाने हो म्हटलं. फोन ठेवल्यावर म्हणाला, "ऑक्टोबरमध्ये परत लॅपटॉप घेऊन यावं लागेल तुला."