रंगांना वाचा कशी फुटते ?

आपल्या वैयाकरणांनी वाणीच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. ओठांतून निघून दुसऱ्याच्या कानी पडते ती वैखरी. मनातल्या मनात शब्दांची जुळणी होते ती मध्यमा. आणि तिच्याही आधी, शब्द अजून वेगळे झालेले नसतात परंतु अर्थ मात्र अखंड दिसत असतो, ती पश्यन्ती. पश्यन्ती म्हणजे पाहणारी. बोलण्याच्या मुळाशी पाहणे आहे, असे भर्तृहरीसारख्या व्याकरणकाराने मानावे, यात चित्रकलेचेही मर्म आले आहे असे आम्हांस वाटते. कवी तेथून शब्दांत उतरतो. चित्रकार शब्दांची वाट न धरता रेषेत व रंगात उतरतो.

परंतु ही वाणी कोणास आयती लाभत नाही. हात आधी तयार होतो. आवाज मागाहून सापडतो, आणि पुष्कळांस तो जन्मभर सापडत नाही. तो सापडण्यास काय काय लागते, हे पाहावयाचे असेल तर अमृता शेर-गिल हिचे चरित्र डोळ्यांपुढे आणावे. उणेपुरे २८ वर्षांचे आयुष्य. परंतु त्या अवधीत एका मुलीने आपला स्वर कसा शोधला, याचा सारा प्रवास तिच्या चित्रांतून दिसतो.

अमृतेचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्ट येथे झाला. वडील उमराव सिंह हे मजिठिया घराण्यातील शीख सरदार, संस्कृत व फारसीचे व्यासंगी आणि छायाचित्रणाचे मोठे शौकीन; आई मारी आंत्वानेत ही हंगेरीची व पाश्चात्त्य संगीतात निपुण. १९२१ साली हे कुटुंब सिमल्यास येऊन राहिले आणि आठ वर्षांच्या अमृतेस चित्रकलेचे रीतसर धडे मिळू लागले. पुढे १९२७ च्या सुमारास तिचे मामा एर्विन बाक्ताय, जे स्वतः भारतीय विद्येचे अभ्यासक होते, त्यांनी भाचीस एक मोलाची गोष्ट सांगितली : मनाने रचलेली चित्रे काढण्यापेक्षा समोरचे माणूस पाहून काढावे. मग घरातील गडी-माणसेच तिच्यापुढे बसू लागली. मामाने भाचीस खाऊ आणावा ही आपल्याकडील रीत. या मामाने तिला दृष्टी दिली.

१९२९ साली, सोळाव्या वर्षी, ती आईवडिलांसह पॅरिसला गेली. तेथील प्रख्यात कलाविद्यालयात ल्युसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली तिने शिक्षण घेतले. नग्नाकृतीचा अभ्यास, शरीररचना, छायाप्रकाश, तैलरंगांचे थर, हे सारे तिने कसून आत्मसात केले. याच वर्षांत तिने स्वतःची अनेक चित्रे काढली. कोठे ती हसते आहे, कोठे उदास आहे. १९३४ साली तर तिने स्वतःस ताहिती बेटावरील स्त्रीच्या रूपात रंगविले. ‘मी कोण ?’ हा प्रश्न वेदान्त्याने मिटल्या डोळ्यांनी विचारावा. या मुलीने तो आरशापुढे उघड्या डोळ्यांनी विचारला, आणि प्रत्येक वेळी उत्तर निराळे आले. अर्धे रक्त हंगेरीचे, अर्धे पंजाबचे. अशा मुलीस हा प्रश्न पडल्यावाचून कसा राहील?

१९३२ साली तिने ‘तरुण मुली’ हे चित्र काढले. त्यासाठी धाकटी बहीण इंदिरा व एक मैत्रीण अशा दोघी तिच्यापुढे बसल्या होत्या. पुढल्या वर्षी या चित्रास पॅरिसच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि तेथील संस्थेचे सहसदस्यत्वही अमृतेस लाभले. विशीतल्या मुलीस याहून अधिक काय हवे ? परंतु नेमके येथेच तिचे मन अस्वस्थ झाले. तिची रंगांची जाण पश्चिमेच्या करड्या चित्रशाळांत रमणारी नव्हे, असे तिच्या गुरूंनीही म्हटले होते. तिला हिंदुस्थानची ओढ लागली. वडील प्रथम नाखूष होते. तिचे मोकळे वागणे येथील समाजास रुचणार नाही, ही त्यांची धास्ती. तिने मात्र कळविले की, आपणांस यावयाचे आहे ते आपल्या कलेच्या वाढीसाठी. १९३४ च्या अखेरीस ती परतली.

परतल्यावर तिने जे रंगविले त्याने प्रेक्षक गोंधळले. १९३५ सालची ‘पहाडी पुरुष’ आणि ‘पहाडी स्त्रिया’ ही चित्रे पाहावीत : उंच, कृश, मूक आकृती. त्याच वर्षीच्या ‘तीन मुली’ या चित्रात तिघी जवळजवळ बसल्या आहेत, परंतु एकीचीही दृष्टी पाहणाऱ्याकडे नाही. लग्नाच्या वयाच्या मुली आपल्या भवितव्याची वाट पाहात बसाव्यात, तशा त्या आम्हांस भासतात. सिमल्याच्या प्रदर्शनात तिची काही चित्रे नाकारली गेली व एकास पारितोषिक मिळाले, तेव्हा तिने ते पारितोषिकच परत केले. हा हट्ट काहींस उद्धटपणाचा वाटला. आमच्या मते, ज्या चित्रांत आपला खरा आवाज आहे तीच परीक्षकांनी बाजूस सारली, हे शल्य त्यामागे असावे. १९३७ साली ‘तीन मुली’ या चित्रास बॉम्बे आर्ट सोसायटीने सुवर्णपदक दिले.

त्यापूर्वी, १९३६ च्या अखेरीस, ती प्रदर्शनासाठी मुंबईस आली होती आणि तेथून वेरूळ-अजिंठ्यास गेली. महाराष्ट्राच्या वाचकास हा भाग विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. अजिंठ्याची चित्रे तिच्यापूर्वी कित्येकांनी पाहिली व उतरविलीही होती. ग्रिफिथ्स साहेबांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत तेथे नकला करीत होते. ते कार्य थोर, यात शंका नाही. परंतु अमृतेने अजिंठ्याहून आणली ती नक्कल नव्हे. आकृती किती थोड्या रेषांत उभी राहते, दुःखही किती डौलाने दाखविता येते, तांबड्या मातीचा रंग किती बोलतो, हे तिने तेथे ओळखले. पुढे कोचीनच्या मट्टंचेरी राजवाड्यातील भित्तिचित्रेही तिने बारकाईने अभ्यासली.

या प्रवासाचे फळ म्हणजे १९३७ सालची तीन चित्रे : ‘वधूशृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजारास निघालेले दक्षिणी ग्रामस्थ’. त्यांपैकी ‘ब्रह्मचारी’ आमच्या वाचकांनी अवश्य पाहावे. उघड्या अंगाचे, धोतर नेसलेले, यज्ञोपवीत धारण केलेले पाच बटू. आपल्या घरोघरी मुंजी होतात. परंतु त्या कोवळ्या तोंडांवरचा गंभीर एकाकीपणा आपण कधी निरखून पाहिला आहे काय? बुडापेस्टला जन्मलेल्या मुलीने तो पाहिला. पॅरिसचे शिक्षण येथे पुसले गेलेले नाही. ते पायाच्या दगडाप्रमाणे आत गेले आहे.

तिच्यावर आक्षेपही आहेत. ती सधन घरची. गरिबांचे दुःख तिने दुरून पाहिले, असे म्हणतात. यात तथ्यांश आहे. परंतु १९३८ साली विवाह झाल्यावर ती गोरखपूरनजीक सराया येथे राहिली आणि तिची नजर घरातील स्त्रियांकडे वळली. १९४० सालच्या चित्रात बाजेवर पडलेली स्त्री पाहावी. काही घडत नाही. दुपार सरत नाही. आणि त्या विसाव्यात केवढा कोंडमारा आहे! मोठ्या घरातील ही न बोललेली दुपार आपणांपैकी प्रत्येकाने पाहिलेली आहे.

५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोर येथे, प्रदर्शन तोंडावर आले असता, अल्पशा आजाराने ती गेली. हयातीत तिची चित्रे फारशी विकली गेली नाहीत. २०२३ साली तिच्या ‘कथाकथन करणारा’ या १९३७ च्या चित्रास लिलावात ६१.८ कोटी रुपये आले. तिच्या चित्रांचा मोठा संग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे, आणि राष्ट्रीय कलानिधी म्हणून ती चित्रे देशाबाहेर विकण्यास बंदी आहे.

आता आपल्या घरांकडे वळू. चित्रकलेच्या श्रेणी-परीक्षा हजारो मुले देतात; स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन यांचा सराव करतात. हा सराव हवाच. स्वरसाधनेवाचून गायक नाही. परंतु परीक्षा उरकली की वही माळ्यावर जाते. मुलीची तर विशेषेकरून जाते, कारण तिचे चित्र आपण ‘छंद’ या सदरात घालून मोकळे होतो. आणि एखादीने रांगोळीची वेलबुट्टी सोडून आजीचे थकलेले हात काढले, आईचा ओढलेला चेहरा काढला, तर ‘हे काय काढलेस ? काहीतरी छान काढ,’ असे आपणच म्हणतो. त्या क्षणी तिची पश्यन्ती आपण मिटवीत असतो.

मुलीने असे चित्र पुढे केले, तर वडील मंडळींनी वाहवा करण्याची वा दोष दाखविण्याची घाई करू नये. जवळ बसावे आणि विचारावे, ‘तुला हे कोठे दिसले ?’ मग ती जे सांगेल ते ऐकावे. कदाचित आपल्याच घरातली एखादी गोष्ट, जी आजवर कोणी बोलले नव्हते, ती आपणांस तेथे प्रथम कळेल.