खेळाच्या मैदानासाठी सूर्याची वीज : चंदा मागण्याआधी हिशेब मांडा

भंडारदऱ्याचे नाव निघाले की पाणी आणि वीज या दोन गोष्टी आधी आठवतात. प्रवरा नदीवरील विल्सन धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचे आणि खाली रंधा येथे ३४ मेगावॅटचे वीजघर आहे. जवळच घाटघर येथे २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. ही सारी वीज राज्याच्या जाळ्यात जाते. शेंडी-भंडारदरा परिसरातील एखाद्या कबड्डी मंडळाला अथवा तालमीला मात्र इतर ग्राहकांप्रमाणे मीटर पाहून बिल भरावे लागते. मुले-मुली दिवसा शाळेत, शेतात किंवा पर्यटकांच्या कामात असतात. सरावाला वेळ मिळतो तो दिवेलागणीनंतर. बिल थकले की दिवे बंद आणि दिवे बंद म्हणजे सराव बंद.

यावर उपाय म्हणून छतावर सौर पॅनेल बसविण्याचा विचार आता लहान क्लबांतही होऊ लागला आहे. त्यासाठी निधी गोळा करायला निघाले की पहिली फेरी बाजारपेठेत होते. राजूर, अकोले, संगमनेर, घोटी येथील आपल्या व्यापारी बांधवांच्या दुकानात पावतीपुस्तक येणारच. अशा वेळी काय पाहून द्यावे आणि आपण स्वतः समितीत असलो तर कसे मागावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

अनुदान घराला, क्लबला नाही

पुष्कळांचा समज असा की सौर संचाला सरकार पैसे देतेच, मग चंदा कशाला? फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट वा अधिक क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान ठरले. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक विजेसाठीही त्यात तरतूद आहे. खेळाचा क्लब मात्र घरगुती ग्राहक नसल्याने या अनुदानात बसत नाही. एक दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. दरपत्रक घेताना कर कोणत्या दराने लावला आहे, हे पाहून घ्यावे.

मोठ्या क्लबांची गोष्ट वेगळी. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर टाटा पॉवरने २०२० मध्ये ८२०.८ किलोवॅटचा संच उभारला. त्यातून वर्षाला ११ लाखांहून अधिक युनिट मिळतील आणि क्लबच्या वीजखर्चाचा सुमारे चौथा हिस्सा वाचेल, असा अंदाज देण्यात आला. अशा क्लबामागे सधन सभासद असतात. गावच्या मंडळामागे बाजारपेठ आणि गावकरीच असतात. म्हणून त्यांचा हिशेब अधिक काटेकोर हवा.

आधी गरज मोजा

समजा, मैदानावर २०० वॅटचे ८ एलईडी दिवे ३ तास लागतात. म्हणजे ४.८ युनिट. त्यात पाण्याची मोटर, पंखे आणि खोलीतील दिवे धरले तर रोजची गरज साडेसहा युनिटांच्या आसपास जाते. १ किलोवॅटचा संच कोरड्या ऋतूत दिवसाला सरासरी ४ युनिट देतो आणि त्याला सुमारे १०० चौरस फूट मोकळे छत लागते. म्हणजे अशा मंडळाला २ किलोवॅट पुरेत. ५४० वॅटची ४ पॅनेल म्हणजे काम झाले. विक्रेता ५ किलोवॅट सुचवील, पण न लागणाऱ्या विजेसाठी लोकांकडून पैसे मागणे योग्य नाही.

भंडारदऱ्यात आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हा सह्याद्रीचा अतिवृष्टीचा पट्टा आहे. जून ते सप्टेंबर उत्पादन बरेच घटते, म्हणून वर्षाचा अंदाज उन्हाळ्यावरून करू नये. दुसरे, घाटमाथ्यावरचा वारा. पॅनेलचा सांगाडा हलका असला तर पहिल्याच पावसाळ्यात नुकसान. लोखंड, गॅल्वनायझिंग, अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर करू नये.

वीज गेल्यावर काय, हेही आधी विचारावे. जाळ्याला जोडलेला बिनबॅटरीचा संच पुरवठा खंडित होताच स्वतःही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या कामगाराच्या सुरक्षिततेसाठी ही व्यवस्था असते. शिवाय क्लबची वीज तयार होते दिवसा आणि लागते रात्री. दिवसाच्या युनिटांची वजावट रात्रीच्या वापरातून किती मिळेल, हे ग्राहकवर्ग आणि चालू दरआदेश यांवर ठरते. महावितरणच्या उपविभागीय कार्यालयातून ते लेखी घ्यावे. वजावट नीट मिळत नसेल तर बॅटरीचा खर्च आधीच धरावा लागेल.

चार पॅनेल, चाळीस देणगीदार

सूर्यघर योजनेत केंद्राने पहिल्या २ किलोवॅटसाठी प्रत्येकी ५०,००० रुपये हा पायाभूत दर धरला आहे. तोच आधार घेऊन संचाचे १,००,००० आणि मजबूत सांगाडा, अर्थिंग, पहिल्या वर्षाचा विमा यांचे २०,००० धरू. एकूण १,२०,००० रुपये. चार पॅनेल, म्हणजे प्रत्येकी ३०,०००. एका पॅनेलमागे १० देणगीदार ठेवले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३,००० रुपये येतात. चाळीस माणसांत काम होते. ज्याला ३,००० जड जातात त्याने ५०० द्यावेत, सहा जणांचा एक वाटा समजावा.

वर्षातून ३०० दिवस साडेसहा युनिट वापर धरला तर १,९५० युनिट होतात. युनिटला १० रुपये आणि पूर्ण वजावट धरली तर वाचतात १९,५०० रुपये. सुमारे सहा वर्षांत रक्कम भरून निघते आणि पॅनेलचे आयुष्य साधारण २५ वर्षांचे असते. इन्व्हर्टर मात्र मध्ये बदलावा लागतो. म्हणून वाचलेल्या रकमेतून दरवर्षी ५,००० रुपये दुरुस्तीखाती वेगळे टाकावेत. खेड्यापाड्यांत बंद पडलेले सौर दिवे आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते बसविताना पैसा मिळाला होता, सांभाळण्यासाठी कोणी ठेवला नव्हता.

पावती आणि परवानगी

क्लब नोंदणीकृत आहे का, हे देणाऱ्याने जरूर विचारावे. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी घेण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क अन्वये धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. गणेश मंडळे ती दरवर्षी घेतात. छत ग्रामपंचायतीचे अथवा शाळेचे असेल तर लेखी संमती हवी. पैसे क्लबच्या बँक खात्यातच जावेत आणि दोन सह्यांनीच निघावेत.

८०जी म्हणून ओळखली जाणारी आयकर सवलत मान्यताप्राप्त संस्थेलाच दिलेल्या देणगीवर मिळते. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख दिल्यास ती मिळत नाही, तसेच नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीलाही मिळत नाही. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीतून ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाला आणि पर्यावरणाच्या कामाला पैसा देता येतो, पण त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी आणि मागील हिशेब तयार लागतात.

आपल्या वाचकांकडून एक प्रश्न हमखास येतो. यासाठी जकात देता येईल काय? जकातीचे आठ हक्कदार सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत ठरवून दिले आहेत. क्लबचे पॅनेल त्यांत बसत नाही, असेच बहुतेक उलमांचे मत आहे. म्हणून जकात गरिबांसाठीच राहू द्यावी. स्वखुशीच्या सदक्यातून मात्र जरूर द्यावे. समितीला थोडी रक्कम तातडीने कमी पडत असेल तर व्याजाच्या कर्जाऐवजी चार व्यापाऱ्यांनी मिळून कर्ज-ए-हसना देता येईल. बिलातून वाचणाऱ्या पैशांतून ते वर्ष-दोन वर्षांत फिटू शकते.

कारागिरांचा वाटा

या कामात वेल्डर, फॅब्रिकेटर, गवंडी, वायरमन अशा सर्वांना स्थान आहे. देणगी रोखच असली पाहिजे असे नाही. सांगाड्याची मजुरी माफ करणारा वेल्डर हाही देणगीदारच. त्याच्या मजुरीची रक्कम ठरवून यादीत त्याचे नाव लिहावे. जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. केंद्र सरकारचे सूर्यमित्र प्रशिक्षण २०१५ पासून सुरू झाले. आपल्या तरुण वायरमननी तशी संधी घेतली तर गावच्या क्लबचे काम पुढे हॉटेल, गोदाम आणि घरांची कामे मिळवून देईल.

याच जिल्ह्यात शिर्डीच्या प्रसादालयात २००९ पासून ७३ सौर तबकड्यांच्या वाफेवर अन्न शिजविण्याची सोय झाली. अहिल्यानगरला सूर्याची शक्ती नवी नाही. तालमीत आणि मैदानावर सर्व समाजांची मुले एकत्र घाम गाळतात आणि उद्या तीच आपली गिऱ्हाइके, शेजारी आणि भागीदार होणार आहेत. म्हणून व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे की पावतीपुस्तक समोर आले तर हात आखडता घेऊ नये. मात्र समितीकडून तीन कागद अवश्य मागावेत : मागील बारा महिन्यांची वीजबिले, दोन विक्रेत्यांची दरपत्रके आणि दुरुस्तीखात्याचा ठराव. हे कागद तयार असलेल्या क्लबला दुकानदार रिकाम्या हाती परत पाठविणार नाही, असा आमचा विश्वास आहे.