विज्ञानाचे उत्तर आणि माणसाचा प्रश्न

विज्ञान मानवजातीचे सर्व प्रश्न कधी तरी सोडवू शकेल काय, हा विषय आमच्या महाविद्यालयांतील वादविवाद स्पर्धांना पिढ्यान्‌पिढ्या पुरला आहे. अनुकूल बाजूचा वक्ता लस, आगगाडी आणि चांद्रयान यांचे दाखले देतो. प्रतिकूल बाजूचा हिरोशिमाकडे बोट दाखवितो. परीक्षक गुण देतात, करंडक कुणाला तरी मिळतो आणि प्रश्न होता तेथेच राहतो. तो तसा राहण्याचे मुख्य कारण असे, की ‘प्रश्न’ हा एकच शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरतो. हा भेद समजून घेण्यासाठी हिरोशिमापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. नाशिकहून साठेक किलोमीटरवर असलेले लासलगाव त्यासाठी पुरेसे आहे.

ज्या प्रश्नात सगळी माणसे एका बाजूला आणि निसर्ग दुसऱ्या बाजूला असतो, तेथे विज्ञानाचा पराक्रम वादातीत आहे. देवीच्या रोगाचेच उदाहरण घ्या. जेन्नरने इंग्लंडमध्ये लस टोचण्याचा प्रयोग केला तो १७९६ साली. भारतात या रोगाचा अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. आमच्या वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण असत. माझ्या आजच्या विद्यार्थ्यांना ‘देवी टोचणे’ म्हणजे काय हेही समजावून सांगावे लागते. देवीचा रोग टिकून राहावा यात कोणाचेच हित नव्हते. तरीसुद्धा लस हाती आल्यापासून रोग हटेपर्यंत १८४ वर्षे गेली, हे विसरून चालणार नाही. लस शोधणे हे विज्ञानाचे काम होते. ती शेवटच्या झोपडीपर्यंत नेणे हे शासनाचे, संघटनेचे आणि माणसांच्या निर्धाराचे काम होते.

मोड थांबला, भावाचे काय?

आता लासलगावकडे वळू. उन्हाळ कांदा मार्चपासून मेपर्यंत निघतो आणि चाळीत भरून तो पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थोडा थोडा बाजारात आणला जातो. या काळात काही सडतो, काही वाळून वजनाला घटतो आणि काहीला मोड फुटतात. हा निसर्गाने घातलेला पेच होता व विज्ञानाने त्याला तोंड दिले. पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रातून ‘एन-२-४-१’ हे टिकाऊ वाण आले. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानातून लासलगावला २००२ साली ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभे राहिले. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची ६० ते ९० ग्रे इतकी अल्प मात्रा वेळेवर दिली, की कांद्याला मोड फुटत नाहीत. आणि कांदाही किरणोत्सारी होत नाही. २००७ साली अमेरिकेने भारतीय आंब्याला आपली बाजारपेठ खुली केली, तेव्हा आंब्यातील किडीचा बंदोबस्तही येथेच झाला. कोकणचा हापूस कांद्याच्या गावाहून किरणे घेऊन सातासमुद्रापार गेला. हे यश लहान नव्हे.

परंतु लासलगाव ज्या निफाड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील एका शेतकऱ्याने २०१८ च्या अखेरीस ७५० किलो कांदा विकला, तेव्हा त्याच्या हाती १,०६४ रुपये आले. किलोला दीड रुपयाही नाही. ती रक्कम त्याने निषेध म्हणून पंतप्रधानांना मनिऑर्डरने पाठवून दिली. कांद्याला मोड का फुटतात याचे उत्तर प्रयोगशाळेपाशी होते. घाम गाळून पिकविलेल्या मालाला दीड रुपया का, याचे उत्तर कोबाल्टपाशी नव्हते.

येथे आमचे अर्थशास्त्र पुढे सरसावते. कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही; मागणी ताठर असते. त्यामुळे पीक थोडे वाढले, तरी भाव पुष्कळ कोसळतो आणि भरघोस पिकाचे एकूण उत्पन्न बेताच्या पिकाहूनही कमी भरते. त्यातच यंदाचा भाव पाहून पुढील वर्षाची लागवड ठरते. म्हणून तेजीनंतर मंदी व मंदीनंतर तेजी असे चक्र सुरू राहते. आकृती काढली तर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, म्हणून या सिद्धान्तालाही तेच नाव पडले आहे. मी हे फळ्यावर काढून दाखवितो. एका वर्षी मागच्या बाकावरील मुलाने उठून विचारले, “सर, हे सगळे आधीपासून माहीत आहे, तर माझ्या वडिलांनी यंदा काय करायचे?” त्याच्या घरी दोन एकर कांदा होता आणि त्या सत्राची फी भरायची राहिली होती. आकृती बिनचूक होती. उत्तर माझ्यापाशी नव्हते.

समजा, उद्या सगळ्या कांद्याला किरणे दिली आणि तो शीतगृहांत साठविला. हंगामातील घसरण आणि नंतरची भाववाढ दोन्ही सौम्य होतील, हे खरे. पण लाभ कोणाचा? थांबण्याची ज्याची ऐपत, त्याचा. सोसायटीचे कर्ज आणि घरातले लग्न अंगावर असलेला शेतकरी एप्रिलमध्येच विकून मोकळा होतो. तेव्हा शीतगृह कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न तापमापकाने सुटत नाही.

निर्देशांक आणि न्याय

दुसऱ्या बाजूला आपण आहोत: शिक्षक, कारकून, ठरावीक पगारावर संसार चालविणारे. कांदा महागला की आपल्या घरात ओरड होते आणि सरकारला जाग येते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. ग्राहकाला दिलासा हवा हे योग्यच. पण त्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातून वसूल झाली.

आपल्यापैकी पुष्कळांना महागाई भत्ता मिळतो. तो ग्राहक किंमत निर्देशांकाशी बांधलेला असतो आणि निर्देशांक ही संख्याशास्त्राची देणगी आहे. परंतु निर्देशांक तयार झाला म्हणून भत्ता मिळाला नाही. संघटित नोकरदारांनी मागितला, झगडून घेतला, तेव्हा मिळाला. कांद्याचे भाव किती कोसळले याचे आकडेही बाजार समितीत रोज नोंदले जातात. त्या आकड्यांतून शेतकऱ्याला मात्र ‘मंदी भत्ता’ मिळालेला नाही. शास्त्र दोन्हीकडे तेच आहे. फरक पडला तो माणसांनी केलेल्या कराराने.

गोदावरीच्या पाण्याची कथा वेगळी नाही. १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी खाली सोडावे, असा आदेश जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली दिला. बाष्पीभवन किती आणि वाटेत मुरणार किती, हे अभियंते मोजून सांगतील. पण निफाडच्या द्राक्षबागेचा हक्क कोठे संपतो आणि पैठणच्या शेताचा कोठे सुरू होतो, हे कोणतेही मोजमापाचे यंत्र दाखवीत नाही.

चुकीचा निष्कर्ष नको

यावरून विज्ञान अपुरे आहे, सबब बुवा-बाबांकडे चला, असा निष्कर्ष काढणारे आपल्या समाजात कमी नाहीत. तो सर्वस्वी चुकीचा आहे. ज्याला विज्ञानाने उत्तर देता येत नाही, त्याला अंगारा उत्तर देतो असे मुळीच नव्हे. ही साधी गोष्ट लोकांना सांगत आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, ही महाराष्ट्राला लागलेली जखम आहे. वाटपाचे भांडण न्यायाने मिटवायचे तरी वस्तुस्थिती आधी नीट मोजावी लागते. आकडे दडविले तर न्यायाची भाषाही बळवंताच्या सोयीची होते.

म्हणून वादविवादाच्या विषयाला माझे उत्तर असे, की विज्ञान सर्व प्रश्न सोडविणार नाही. पण त्याच्यावाचून एकही प्रश्न नीट सुटणार नाही. निसर्गाशी असलेला झगडा त्याच्या हाती सोपवावा. माणसामाणसांतला हिशेब मात्र आपणच बसून पुरा केला पाहिजे. १९७६ साली राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनाला लागूनच, एकाच कलमात, मानवतावादही ठेवलेला आहे. आपण पहिला अर्धा भाग परीक्षेसाठी पाठ करतो. मागच्या बाकावरील त्या मुलाचे उत्तर दुसऱ्या अर्ध्या भागात आहे आणि ते देण्याचे काम मोठ्या अंशी आपणा पगारदारांकडे येते. पुढच्या वेळी कांदा महागला म्हणून ओरड करण्यापूर्वी, तो दीड रुपयाला विकला जात होता तेव्हा आपण काय बोललो, एवढे जरी आठवून पाहिले, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.