दूरचित्रवाणीचा ध्वनी व कुटुंबातील भिन्न श्रवणशक्ती

एका खोलीत एकाच संचासमोर बसलेल्या सर्वांना सारखाच ध्वनी ऐकू येतो, असे आपण गृहीत धरून चालतो. वस्तुतः हे गृहीत चुकीचे आहे. आजोबांस बातम्या नीट समजत नाहीत म्हणून ते आवाज वाढवितात; शेजारच्या खोलीत दहावीच्या परीक्षेचा अभ्यास करणारी नात तो कमी करावयास सांगते; दिवसभराच्या कामाने थकलेल्या सूनबाईंस तोच ध्वनी असह्य होतो. पुढे पुढे ‘हे मुद्दामच मोठा लावतात’ असे एकास वाटू लागते, आणि ‘घरात माझी कोणास पर्वा नाही’ असे दुसऱ्यास. या कलहाचे मूळ स्वभावापेक्षा श्रवणक्रियेतच अधिक आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ध्वनीच्या मापनाचा विचार करू. ध्वनीची पातळी डेसिबेल या मानाने मोजतात. हे मान साध्या बेरजेचे नाही. पातळी १० डेसिबेलने वाढली म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होते. कानास मात्र तो ध्वनी साधारणतः दुप्पटच मोठा भासतो. अर्थात एका व्यक्तीस ‘थोडे अधिक’ ऐकू यावे म्हणून संचातून कितीतरी अधिक शक्ती बाहेर पडते, आणि ती भिंती-दारांतून इतरांपर्यंत पोहोचते.

आता वार्धक्यातील श्रवणाकडे वळू. अंतःकर्णात गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी पोकळी असून तीत ध्वनीस प्रतिसाद देणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. उच्च कंपनसंख्येचे ध्वनी ग्रहण करणाऱ्या पेशी या पोकळीच्या आरंभाशी असतात, आणि वयोमानाने बहुधा त्याच प्रथम क्षीण होतात. याचा परिणाम भाषा समजण्यावर कसा होतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बोलण्यातील स्वरांची बरीचशी शक्ती सेकंदास १००० कंपनांच्या खाली एकवटलेली असते. उलट ‘स’, ‘श’, ‘च’, ‘ट’ यांसारखी व्यंजने ओळखण्याच्या महत्त्वाच्या खुणा २००० कंपनांच्या वर असतात. परिणामी वृद्धास कोणी बोलत आहे हे ऐकू येते, परंतु काय बोलत आहे हे उमगत नाही. ‘साठ’ व ‘आठ’ यांतील भेद एका ‘स’वर अवलंबून आहे, तो हरपला की बातमीचा अर्थच पालटतो. अशा वेळी आवाज वाढविल्यास स्वर, पार्श्वसंगीत व व्यंजने ही सर्व सारख्याच प्रमाणात वाढतात. गोंगाट वाढतो, स्पष्टता त्या मानाने फारशी वाढत नाही.

याच अवस्थेत आणखी एक गोष्ट आढळते. मंद ध्वनी ऐकू येत नाहीत, आणि ध्वनी थोडा वाढला की तो एकदम कर्कश भासतो. सुखकर श्रवणाचा पट्टाच अरुंद झालेला असतो. ‘मोठ्याने बोल’ म्हणणारे आजोबा पुढच्याच क्षणी ‘ओरडू नकोस’ म्हणतात, हा त्यांचा लहरीपणा नव्हे. जाहिरात लागताच ते दचकतात त्याचेही कारण हेच. जाहिरातींचा ध्वनी अवाजवी मोठा नसावा, असा निर्बंध भारतात केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांत आहे. तथापि जाहिरातीतील मंद व तीव्र ध्वनींतील अंतर मुद्दाम कमी केलेले असल्यामुळे ती संवादांपेक्षा मोठी वाटते.

मग उपाय कोणता? ध्वनी खोलीभर वाढविण्याऐवजी तो ऐकणाऱ्याच्या जवळ नेणे, हा होय. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबेलने वाढते. संच ४ मीटरवर आहे असे समजा. त्यास जोडलेला लहान ध्वनिक्षेपक खुर्चीजवळ, कानापासून अर्ध्या मीटरवर ठेवला, तर अंतर तीनदा निम्मे होते. म्हणजे संचाइतकीच शक्ती सोडणाऱ्या क्षेपकापासून सुमारे १८ डेसिबेलचा लाभ होतो. बंद खोलीत भिंतींवरील परावर्तनामुळे हा लाभ कमी भरतो, तरीही तो पुष्कळ असतो. शिवाय परावर्तित ध्वनीच्या मानाने थेट ध्वनी अधिक मिळाल्याने शब्दही स्पष्ट होतात. सध्याच्या सपाट संचांचे क्षेपक पुष्कळदा खाली वा मागे तोंड करून असतात, यामुळे तर या उपायाचे महत्त्व अधिकच आहे.

कानावरील श्रवणसाधनानेही हेतू साधतो. परंतु त्यामुळे वृद्ध व्यक्ती घरातील संभाषणास मुकते. एकत्र बसून पाहण्यातील निम्मा आनंद त्या संभाषणातच असतो. म्हणून प्रथम पसंती जवळच्या क्षेपकास द्यावी आणि रात्री इतर निजल्यावर कानावरील साधन वापरावे. काही संचांत असे साधन जोडताच मूळ ध्वनी बंद होतो, तर काहींत दोहोंची पातळी निराळी ठेवता येते. हे खरेदीपूर्वी पाहून घ्यावे.

याखेरीज काही सोप्या गोष्टी आहेत. खर्ज कमी करावा. संवाद स्पष्ट करणारी योजना संचात असल्यास ती चालू करावी. रात्रीसाठी मंद व तीव्र ध्वनींतील अंतर घटविणारी योजना असल्यास तिचा उपयोग करावा. पंख्याचा वेग कमी करणे व स्वयंपाकघराचे दार लोटून घेणे यांनीही शब्द उठून दिसतात. पडदे व सतरंजी प्रतिध्वनी शोषून घेतात. पडद्यावर संवाद अक्षरांत दाखविण्याची सोय असेल तेथे ती अवश्य घ्यावी.

तथापि आवाज वरचेवर वाढवावा लागत असेल, तर त्या व्यक्तीची श्रवणपरीक्षा करवून घेणे हे कुटुंबाचे कर्तव्य होय. कानात साठलेला मळ हेही कारण असू शकते, आणि ते सहज दूर होते. श्रवणयंत्राची गरज असल्यास ते वेळीच मिळावे. कारण ज्यास बातम्यांतील शब्द कळत नाहीत, त्यास घरच्यांचे बोलणेही अर्धेच कळत असते, आणि तो हळूहळू बोलेनासा होतो. दूरचित्रवाणीचा वाढलेला आवाज ही त्याची पहिली सूचना असू शकते. तिच्यावर रागावण्यापूर्वी ती ओळखावी.