खळीची पूड आणि दुकानातली खबरदारी

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला खळीची ओळख करून द्यावी लागत नाही. उर्दूत आम्ही तिला कलफ म्हणतो, जुने विणकर पाजणी म्हणत, मालेगाव-इचलकरंजीकडे साइझिंग हाच शब्द चालतो. ताण्याच्या सुताला खळ पाजली नाही तर मागावर धागा टिकत नाही. धनगर बांधव घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात तीही याच जातीची. 1942 साली टी. पी. घोष आणि एस. कृष्ण या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी सोललेल्या चिंचोक्यात 46 ते 48 टक्के भाग पाणी धरून घट्ट होणारा असतो, असे जाहीर केले. पुढे कापडाच्या आणि तागाच्या गिरण्यांत या पुडीचा वापर वाढला.

रंगाच्या धंद्यात या पुडीचे भाऊबंद आहेत. गवारीच्या बियांचा गोंद, कापूस किंवा लाकडाच्या सेल्युलोजपासून कारखान्यात तयार होणारी पूड, असे प्रकार पाण्यात कालवायच्या रंगात पडतात. रंग भिंतीवरून ओघळू नये, डब्याच्या तळाशी बसू नये, ब्रशला नीट धरावा, हे काम त्यांचे. छपाईच्या रंगालाही हेच लागते, नाही तर कापडावर नक्षी पसरते. म्हणून आमच्यासारख्या कापडवाल्याच्या दुकानात पोती आली, आणि छपाईवाल्यांच्या मागोमाग रंगवालेही सुटी पूड मागू लागले.

पूड दिसायला पिठासारखी. ती चिंचेची, गवारीची, म्हणजे खाण्याच्या वस्तूंची, तेव्हा तिच्यापासून नुकसान ते काय होणार, असे आम्हीही समजत होतो. मागच्या खोलीत पन्नास किलोचे पोते फोडायचे आणि अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या भरायच्या. वर छताचा पंखा जोरात चालू, कारण गर्मी. हे काम आमच्याकडचे एक जुने कामगार करीत. सगळा बाजार त्यांना मामू म्हणे. दोन-तीन वर्षांनी मामूंना खोकला लागला. दुपारनंतर छातीत शिट्टीसारखा आवाज येई, रात्री झोप नसे. आम्ही बिडीला दोष दिला आणि मोकळे झालो.

बकरी ईदला मामू दहा दिवस कन्नड तालुक्यातल्या आपल्या गावी गेले. परत आले तेव्हा चेहऱ्यावर तजेला होता. म्हणाले, "गाव में तो खांसी हुईच नहीं, सेठ." तिसऱ्या दिवशी खोकला पुन्हा सुरू. बिडी तर गावीही होती! तरी आमच्या डोक्यात उजेड पडला नाही. डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी विचारले, काम काय करतात? आम्ही उत्तर दिले, कापडाच्या दुकानात असतात. डॉक्टरांनी मामूंची बाही धरून झटकली, पांढरी धूळ उडाली, आणि त्यांनी विचारले, "हे कापड आहे का?" त्या प्रश्नाला आमच्याकडे जवाब नव्हता.

नंतर समजले की ही गोष्ट नवी नव्हती. 1957 मध्ये ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात विणकरांच्या खोकल्याच्या एका साथीचा अहवाल छापून आला होता, आणि त्या साथीचा संबंध खळीतल्या चिंचोक्याच्या पुडीशी जोडलेला होता. म्हणजे चिंच आपली, चिंचोका आपला, आणि त्याच्या धुळीने होणाऱ्या आजाराची नोंद परक्या मुलकातल्या कापडवाल्यांनी करून ठेवली. 1990 मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी गालिचे बनवणाऱ्या कारखान्यातील कामगारांमध्ये गवारीच्या गोंदामुळे दमा होतो हे दाखवले. या दुखण्याची चाल ध्यानात घ्यावी. पूड प्रत्येकाला बाधत नाही. ज्याला बाधते त्यालाही पहिल्या दिवशी नव्हे, महिन्यांनी किंवा वर्षांनी बाधते. शरीराने एकदा तिच्याशी वैर धरले की मग चिमूटभर धूळही पुरते. सुटीत बरे वाटणे आणि कामावर येताच त्रास होणे, ही त्याची सर्वात सोपी खूण आहे. ही खूण मालकाला दिसू शकते, डॉक्टरला दिसायला वेळ लागतो.

आता हाताळणीचे. पोते फोडताना पंखा बंद असावा, दार-खिडकी उघडी असावी आणि माणसाने वारा पाठीवर घेऊन उभे राहावे. पोते उंच धरून पूड ओतू नये, तोंड भांड्याच्या अगदी जवळ न्यावे. रिकामे पोते झटकण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. ते हळू घडी करून ठेवावे. तोंडाला बांधलेला रुमाल या बारीक धुळीला अडवत नाही. कोरोनाच्या दिवसांत घराघरात माहीत झालेला एन-95 मास्क नीट बसवला तर काम देतो. डोळ्यात गेली तर चोळू नये, भरपूर पाण्याने धुवावे. ज्याला आधीच दमा आहे त्याला या कामावर ठेवूच नये. आणि ज्याला या पुडीमुळे दमा झाला त्याला मास्क देऊन तिथेच उभे करणे हा इलाज नव्हे, त्याचे काम बदलले पाहिजे.

जमिनीवर सांडलेल्या पुडीवर बादलीभर पाणी ओतण्याची चूक बहुतेक ठिकाणी होते. पाणी पडताच तिची खळ होते आणि फरशी साबणासारखी निसरडी होते. आमच्या ओळखीचा एक छपाई कारागीर असाच पडला आणि त्याचे मनगट मोडले. आधी कोरडी पूड सुपलीने अलगद उचलावी, धूळ उडेल असा जोरात झाडू मारू नये, कॉम्प्रेसरच्या हवेने तर मुळीच उडवू नये. उरलेला पातळ थर मग भरपूर पाण्याने धुवावा. गोळाच्या गोळा नालीत ढकलला तर नाली तुंबते.

कालवण्याचीही रीत आहे. पाण्यात मूठभर पूड एकदम टाकली की गोळे होतात, बाहेरून चिकट, आतून कोरडे. मग कारागीर चिडून आणखी पूड टाकतो. पाणी ढवळत ठेवून भोवऱ्याच्या कडेला ती चाळणीने भुरभुरावी. सेल्युलोजच्या पुडीचे काही प्रकार थंड पाण्यात आधी नुसते पसरतात आणि थोडा अमोनिया पडला की घट्ट होतात. काही गरम पाण्यात पसरतात आणि थंड झाल्यावर विरघळतात. कोणता प्रकार आहे हे पोत्याबरोबरच्या कागदावर असते.

आगीचा मामला वेगळा आहे, आणि खरी गफलत तिथे होते. पोत्यातली पूड काडी लावली तरी भडकत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. तीच पूड हवेत ढग होऊन उडाली आणि ठिणगी मिळाली तर क्षणात पेट घेते, आणि खोली बंद असेल तर स्फोट होतो. 14 डिसेंबर 1785 रोजी इटलीतील ट्यूरिन शहरात एका पाववाल्याच्या कोठारात पिठाचा ढग दिव्याच्या ज्योतीने पेटला, ती नोंद आजही दाखल्यासाठी दिली जाते. 7 फेब्रुवारी 2008 रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात साखरेच्या धुळीने स्फोट झाले आणि 14 कामगार मरण पावले. पहिल्या हादऱ्याने तुळयांवर, यंत्रांवर साचलेली धूळ खाली उडाली आणि तिने पुढचे स्फोट घडवले. साखर, पीठ, चिंचोका, गवार, सेल्युलोज, या बाबतीत सगळे एकाच कुळातले. म्हणून फळ्यांवर आणि पंख्याच्या पात्यांवर साचलेली पूड वेळच्या वेळी पुसावी. भरण्याच्या खोलीत बिडी, अगरबत्ती, उघडे बटण, शेगडी नको. टर्पेंटाइन किंवा थिनर असलेल्या पिंपात प्लॅस्टिकच्या पिशवीतून पूड ओतणे फार धोक्याचे, कारण घसरताना विजेची बारीक ठिणगी पडू शकते आणि वाफ पेटते. ब्लीचिंग पावडर आणि पेरॉक्साइड या पुडीच्या शेजारी ठेवू नये. आमच्या बाजारात ती एकाच फळीवर असतात, कारण गिऱ्हाईक एकच असते.

1948 च्या कारखाने कायद्यात स्फोटक धुळीसाठी 37 वे कलम खास लिहिले गेले होते. पण तो कायदा कारखान्यांसाठी होता. मागच्या खोलीत पोते फोडणारा दुकानदार स्वतःला कारखानदार समजत नाही, त्याच्याकडे तपासनीसही सहसा येत नाही. त्यात जुन्या शहरात खाली दुकान, वर घर, आणि जिना एकच. 3 एप्रिल 2024 च्या पहाटे आमच्याच शहरात छावणी भागात शिलाईच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर राहणारे एकाच कुटुंबातील सात जण गेले. तिथे पुडीचा काही संबंध नव्हता. पण तेव्हापासून ज्याच्या घराखाली माल आहे त्याला आम्ही पहिला प्रश्न हा विचारतो की वरची माणसे कुठून उतरणार?

मालाबरोबर माहितीचा कागद मागणे हा घेणाऱ्याचा हक्क आहे. व्यापारात त्याला सेफ्टी डेटा शीट म्हणतात. तो बहुधा इंग्रजीत असतो. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, आम्ही तो कॉलेजात जाणाऱ्या भाच्याकडून वाचून घेतला आणि मुद्दे उर्दू व मराठीत मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावले. सुट्या पिशवीवर नाव लिहिण्याचेही तेव्हाच सुरू केले. बिननावाची पांढरी पिशवी एखाद्या घरी बेसन-मैद्याच्या डब्याशेजारी जाऊन बसली तर कोणाला ओळखू येणार? ज्याने आम्हाला वर्षानुवर्षे पोती दिली त्याने हा कागद कधी दिला नाही, हे खरे. आम्हीही कधी मागितला नाही.

सुटी पूड विकणे आम्ही बंद केले. घ्यायचे तर बंद पोते घ्या, असे सांगतो. काही गिऱ्हाईक तुटले. मामू आता गल्ल्याशेजारी बसून थानांचे माप घेतात, दम्याचा पंप खिशात असतो. शेजारच्या गाळ्यात पोते फुटले की आम्हाला वास येण्याआधी मामूंना खोकला येतो, आणि आम्ही उठून मधले दार लावतो.