रिसाल्यातील रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती : हौस आणि कायदा

हिंगोली शहरातील पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे जुन्या लष्करी छावणीची साक्ष देतात. निजामाच्या राज्यात, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेल्या हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळ येथे राहत असे. १९०३ मध्ये हे दल भारतीय सैन्यात विलीन झाले. अशा रिसाल्यांच्या इतिहासाची गोडी लागलेल्यांना घोडदळी रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती जमविण्याचा मोह होतो. मात्र पैसे मोजण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात.

पहिली इतिहासाची. हे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. स्वार घोडा स्वतःचा आणी. त्याची मुख्य शस्त्रे तलवार आणि भाला. रिव्हॉल्व्हर असे ते प्रामुख्याने इंग्रज अधिकाऱ्याच्या कमरेला, तेही बहुधा पदरमोड करून घेतलेले. याच दलाच्या दुसऱ्या घोडदळातील कॅप्टन हर्बर्ट क्लॉगस्टन याने १५ जानेवारी १८५९ रोजी अवघ्या आठ स्वारांनिशी चिचंबा येथे बंडखोरांवर चाल केली. आठांपैकी सात स्वार त्याने गमावले. व्हिक्टोरिया क्रॉस मात्र मिळाला त्याला. १८६२ मध्ये हिंगोली येथेच तो लढाईत मारला गेला.

त्या काळात कोल्ट आणि ॲडम्स या दोन रिव्हॉल्व्हरची स्पर्धा होती. कोल्टमध्ये सहा बार असत; प्रत्येक बाराआधी अंगठ्याने घोडा ओढावा लागे. १८५१ च्या ॲडम्समध्ये बार पाचच, पण नुसता चाप दाबला की बार उडे. हातघाईच्या लढाईत हे सोयीचे असल्याने अनेक इंग्रज अधिकारी ॲडम्सला पसंती देत. प्रतिकृतींच्या बाजारात मात्र अमेरिकी यादवी युद्धामुळे गाजलेल्या कोल्टचाच भरणा आहे. इटलीतील गार्दोने व्हाल त्रोम्पिया येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या तयार होऊ लागल्या. १८६० चे कोल्ट ‘सत्तावन्नचे रिव्हॉल्व्हर’ म्हणून कोणी गळ्यात मारीत असेल, तर सालाचा हिशेबच जुळत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि ती अधिक महत्त्वाची. इटालियन प्रतिकृतींपैकी पुष्कळ खऱ्याखुऱ्या बार काढणाऱ्या असतात. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने ठासणीच्या अशा प्रतिकृतींना केंद्रीय पातळीवर मोठी सूट दिली आहे. तेथील माहिती वाचून येथे खरेदी करणे धोक्याचे आहे. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५ फक्त अशाच कालबाह्य, पुराणमूल्याच्या वा नादुरुस्त शस्त्राला वगळते, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. प्रश्न वयाचा नाही; गोळी सुटू शकते का, हा आहे. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार किमान दोन ते कमाल पाच वर्षे कैद होऊ शकते.

शोभेसाठी जस्ताच्या मिश्रधातूची, नळी भरीव असलेली प्रतिकृती मिळते. हौशी संग्राहकाने तीच घ्यावी. तिच्यात फेरफार करून बार काढण्याजोगे शस्त्र बनवायलाही कलम ६ नुसार परवाना लागतो. अटक टाळण्यासाठी नकली शस्त्र रोखले तरी कलम २८ खाली सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. खरेदीची पावती आणि नळी भरीव असल्याचा विक्रेत्याचा लेखी उल्लेख जपून ठेवलेला बरा.